पास्क यांचं चुकलेलं वळण

इंग्लंडमधल्या मोरकमला समुद्रासमोर मिस्टर पास्क एकटे राहत. वय सत्याऐंशी. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणं हे माझं काम, रोज सकाळी अर्धा तास मी त्यांच्याकडे जायची. गोळ्या, चहा, टोस्ट, पायमोजे चढवणं, की पुढचं घर. टीव्हीच्या मालिकांतून त्यांनी जन्मभर एक-दोन वाक्यांचे हवालदार केले, म्हणून बेकरीत सगळे त्यांना ‘हवालदार’च म्हणत. ते हसून टोपी उचलत. बायको नाही, मूल नाही. नाताळचा क्रॅकर म्हणजे दोघांनी ओढून फोडायची कागदी नळी, दुसरं टोक धरणारं कुणी लागतं. त्यांचा मार्चपर्यंत कपाटावर तसाच होता.

एक मात्र मला कळत नसे. टीव्हीवर जुना नाचगाण्यांचा सिनेमा लागला की ते तो लगेच बंद करत.

चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात डोरीन टॅटरसॉल बसते. तिनं एक डीव्हीडी माझ्या पिशवीत टाकली. “तुझ्या हवालदाराचं नाव आहे बघ यात, अगदी तळाला, मुंगीएवढं. विचार त्याला, नाचता येत होतं तर चर्चच्या नाचाला खुर्चीला का चिकटून बसायचास?”

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मी सिनेमा पाहिला. समुद्रातल्या धक्क्यावर नायिका गाते आणि मागे सहा खलाशी नाचतात. चौथे मिस्टर पास्क, चोवीस वर्षांचे, वेताच्या छडीसारखे. मला फार आनंद झाला. सकाळी चहा देतानाच मी ते सांगितलं.

त्यांचा कप हवेतच थांबला. “मग ते वळणही पाहिलं असेल.”

“कुठलं वळण?”

मग त्यांनी सांगितलं. ते नाटकातून आलेले. नाटकात पाऊल चुकलं तर थांबायचं नसतं, हसू तसंच ठेवून पुढच्या ठेक्यावर नाचणाऱ्यांची ओळ गाठायची. सिनेमात उलटं. चुकलात तर थांबा, म्हणजे पुन्हा घेता येतं. त्या दिवशी पाचजण डावीकडे वळले, हे उजवीकडे, आणि सवयीनं हसत नाचत राहिले. दिग्दर्शकाचं लक्ष नायिकेवर. चूक कळेपर्यंत स्टुडिओत उभारलेला तो खोटा धक्का मोडून लाकडं परत गेली होती. पहिल्या खेळाला पडद्यावर ते वळण आलं आणि त्यांनी खाली मान घातली. पुन्हा नाचाचं काम घेतलं नाही. हवालदाराला नुसतं उभं राहायचं असतं.

खोटं बोलायला मला जमत नाही. म्हटलं, “मला नाही दिसलं. मी तिचा झगा बघत होते.”

वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. ते खिडकीबाहेर ओहोटीच्या चिखलाकडे बघू लागले.

“साठ वर्षं मला वाटायचं, सगळे तेच बघतात,” ते म्हणाले. “माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं तर.”

मी त्यांना पायमोजे चढवले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचा वेळ काढून अर्धा तास आधी गेले आणि डीव्हीडी लावली. ते नको म्हणाले, पण उठले नाहीत. मी शेजारी बसले आणि ठरवलं, नायिकेकडे बघायचंच नाही. गाणं आलं. पाच डोकी डावीकडे, एक उजवीकडे. हसू जराही हललं नाही. एका पावलात त्यांनी ओळ गाठली.

“दिसलं,” मी म्हटलं. “चुकलात.”

“चुकलो ना?” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “परत लावा, मिसेस दांडेकर.”

तीनदा लावलं. प्रत्येक वेळी मी त्यांच्याकडेच पाहिलं. मग पुढच्या घराची वेळ झाली. मी कोट चढवला. त्यांनी मान वळवली नाही, फक्त हात वर केला.

रस्त्यावरून मागे पाहिलं. खिडकीत टीव्ही चालू होता. देवा, म्हटलं, मी नसताना तू तरी बघत जा त्यांच्याकडे.