वायर काढलेली असताना लागलेला दिवा

प्रल्हाद खरात, राहणार मुकुंदवाडी. अन्याय या माणसावर झालाय. गेल्या पोळ्याच्या करीला, पहिल्या पाळीत, चिकलठाण्यातल्या आमच्या कारखान्यानं त्याला चोरासारखं धरून गेटबाहेर काढलं. नाव आणि दिवस आधीच लिहितोय, कारण पुढचं वाचून तुमच्यातले बरेचजण दिवा लक्षात ठेवतील आणि माणूस विसरतील.

मी भुताखेतांना मानत नाही. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढतो, चौकात उभा राहून वाटतो. असल्या अनुभवांच्या सदरात माझं नाव येणं ही माझ्यासाठी शरमेची गोष्ट आहे. पण बाकी कुणी छापायला तयार नाही.

आमच्याकडं पत्र्याच्या भागांना रंग मारून भट्टीत भाजतात. ट्रॉली भट्टीपर्यंत ढकलत नेणाऱ्याला कारखान्यात ‘कॅरिअर’ म्हणतात. प्रल्हाद कॅरिअर. भट्टीशेजारी नवीन कंट्रोल बॉक्स बसवलाय – आत छोटा कॉम्प्युटरच समजा. भट्टीचं तापमान तो वायरीवरून वरच्या ऑफिसला कळवतो. वायरीतून सिग्नल येत असला की बॉक्सवर हिरवा दिवा लागतो. सिग्नल तुटला की दिवा जातो आणि वरच्या स्क्रीनवर इंग्रजीत येतं – ‘नो कॅरिअर’.

त्या दिवशी ते सारखं येत होतं. पर्सोनेल साहेबांनी ते वाचलं आणि सरळ अर्थ लावला – कॅरिअर जागेवर नाही. प्रल्हाद नामांतराच्या मोर्च्यात पुढं असतो हे त्यांना माहीत होतंच. मग काय... चार्जशीट तयार. काम सोडून मोर्च्याला गेला.

मी टेक्निशियन. वर जाऊन सांगितलं, “साहेब, इथं कॅरिअर म्हणजे माणूस नाही. वायरीतला सिग्नल.”

“मशीन खोटं बोलत नाही,” साहेब म्हणाले.

“मशीन खरंच बोललं. तुम्हाला वाचता आलं नाही.”

मला मेमो मिळाला. वर हुकूम – बिघाड तूच शोध.

शोधला. वायर बदलली, टोकाचे प्लग नवे लावले, ऑफिसच्या बाजूची जोडणी बदलली, बॉक्समधलं कार्डसुद्धा बदललं. टेबलावर घेतला की बॉक्स ठणठणीत, दिवा चालू. भट्टीशेजारी नेऊन बसवला की बंद. प्रल्हादला काढल्यापासून तो दिवा तिथं एकदाही लागला नव्हता.

मग चौकशीचा दिवस आला. तू कुठं उभा होतास ते दाखव म्हणून प्रल्हादला भट्टीवर आणलं. मी वायर तपासायला पूर्ण काढून घेतली होती, दोन्ही टोकं माझ्या हातात होती. पिवळ्या पट्ट्यानं आखलेल्या आपल्या जागेत प्रल्हाद जाऊन उभा राहिला... आणि बॉक्सवरचा दिवा लागला.

मी हातातल्या वायरीकडं बघत राहिलो. तेवढ्यात इंटरकॉमवर वरच्या ऑपरेटर मॅडम बोलल्या, “तापमान यायला लागलं बघा. आता वायरीला हात लावू नका.”

प्रल्हाद पट्ट्याबाहेर आला, दिवा गेला. परत आत गेला, परत लागला.

सुपरवायझर मागं सरकत म्हणाला, “करणी हाय ही. ह्यांच्या लोकांना येतं असलं.”

“व्हय,” प्रल्हाद म्हणाला. “येत असतं तर आधी तुमची बदली केली असती की, दादा. लई साल झाले वाट बघतोय.”

चौकशीला आलेले पर्सोनेल साहेब मात्र सावध. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “याला रोजंदारीवर नुसतं उभं करता येईल का इथं?” माणूस म्हणून काढला आणि वायर म्हणून ठेवायला निघाले. प्रल्हादनं ऐकलं. “नाय,” म्हणाला, आणि गेटकडं चालू लागला.

नंतर मी त्या पट्ट्यात उभा राहिलो, दुसऱ्यांना उभं केलं, ट्रॉलीसकट उभं केलं. काही नाही. भट्टीच्या हीटरमुळं चुकार करंट येऊन दिवा लागला असेल, असं एक वेळ धरू. पण खरं तापमान वायरीशिवाय वर कसं पोचलं? याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही, आणि ते ‘करणी’ तर नक्कीच नाही.

चौकशीच्या अहवालात दिव्याबद्दल एक अक्षरही नाही. तिथं लिहिलंय – त्या पाळीत प्रल्हाद जागेवर नव्हता हे सिद्ध झालं. त्याला त्या पाळीत बघणारं कुणी साक्षीला यायला तयार नाही. आता केस लेबर कोर्टात आहे आणि प्रल्हादच्या बाजूनं बोलणारा मी एकटा. करीच्या त्या पाळीत मी दुसऱ्या शेडमध्ये होतो, म्हणून माझी साक्ष चालत नाही.

करीच्या दिवशी भट्टीवर असलेल्यांपैकी काहीजण हे सदर वाचतात, मला माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या हातात पाहिलंय. मला येऊन भुताचं विचारू नका. दिव्यावर विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. त्या पाळीत प्रल्हाद तुमच्या डोळ्यांसमोर ट्रॉल्या ढकलत होता. कोर्टात उभं राहून एवढंच सांगा.