मला धरून छप्पन्न

मंडळी, सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले तर एकूण किती वेळा, हे आपल्या ऑनलाइन गटातलं कोडं. शेवटी निम्मं का करतात, ते मला आज आमच्या नेरूळच्या सोसायटीत हळदीकुंकवाला कळलं. सायबर कॅफेतून लगेच लिहिते आहे.

हे गेल्यापासून मी अशा वेळी तिळगूळ वाटून कडेला बसते. आज सातजणी एकमेकींना कुंकू लावत होत्या.

"वहिनी, काय पुटपुटताय?" शेजारच्या साधनाने विचारलं.

"प्रत्येकजण सहाजणींना लावणार, म्हणजे बेचाळीस. इथे निम्मं करायचं नाही. मी तुला लावलं, तरी तू मला लावायचं उरतंच."

"मग तुम्हाला धरून किती?" तिने कुंकवाची कोयरी माझ्यापुढे धरली.

"अगं साधना, असं करतात का?" तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या.

मी उठले आणि पहिलं कुंकू आजींनाच लावलं. त्यांनी कोयरीत बोट बुडवलं. मग त्यांनीही मला लावलं.

छप्पन्न झाले. हे असते तर आकडा दोनदा तपासला असता.

आता तुम्ही सांगा, एकच बाई वाढली तर चौदा कसे वाढले? त्यातले सात अजून माझ्या कपाळावर आहेत.