रात्रीची पाळी माझी, दिवसाची किसनाची

गेल्या आठवड्यात एका सकाळी माझा नातू किसना उजाडल्यावर गोधडीतून उठला आणि मला इतका आनंद झाला, म्हणून सांगू! चार वर्षांचं पोरगं सकाळी उठलं यात काय नवल, असं तुम्ही म्हणाल... पण आधीचं ऐका.

आमच्या साखरा गावात ज्वारी हुरड्यात आलीय. पुरुष माणसं रात्री शेतात जागलीला. घरात मी, बाळंतीण सून, तिची तान्ही लेक आणि हा किसना, माझ्या गोधडीत.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेकाची शेगडी असते. धुरामुळं खोलीचं दार लावता येत नाही आणि लढाई लागल्यापासून घासलेट मिळेना, तेव्हा आत अंधार. आणि हे पोरगं रोज रात्री उठून त्याच खोलीत! एकदा त्याच्या सदऱ्याची कड शेगडीवर करपली... मग ठरवलं, हा सकाळपर्यंत गोधडीतच राहील, नाहीतर मी नावाची सरस्वती नाही. (नाव सरस्वती, अक्षरं मात्र भावाच्या पाटीवर शिकले तेवढीच... असो.)

आधी गूळ-खोबरं दिलं. ते खाल्लं आणि उठला. मग त्याचा करदोटा माझ्या पदराला गाठ मारून बांधला. डोळा उघडला तर पदराला नुसता करदोटा, पोरगं पसार!

शेजारी राहणाऱ्या जाऊबाई म्हणाल्या, "आईची सवय हाय त्याला. तुमच्यानं काय व्हनार न्हाई." मलाही तसंच वाटत होतं, पण हार मानते होय? त्याला मांडीवर घेऊन विचारलं, "काहून उठून राहिला रे, बापा?"

"सटवाई येती ना! तूच म्हनली, बाळापाशी कोनी तरी जागं पायजे. आन तुमी समदे झोपून राहिले!"

पाचवीच्या रात्री आम्ही बायका दिवा ठेवून जागलो होतो, तेव्हा मीच तसं बोलले होते. दुसऱ्या रात्री सगळे झोपलेले बघून या लेकरानं राखण आपल्या अंगावर घेतली...

"हे बघ," मी म्हटलं, "तुझा बाप आन काका जागलीला जातेत, तवा दोघं संगंच जागतेत का? एक जागतो, एक झोपतो. ज्याची पाळी न्हाई, त्यानं उठायचं न्हाई. रातची पाळी माझी, दिवसाची तुझी."

"तू झोपशील."

"न्हाई झोपत."

"माझी आन घे."

घेतली बाई! नातवाची आण म्हणजे काय खेळ आहे? खरोखरच जागले. सकाळी डोळे चोळत यानं विचारलं, "कोन आलतं?" म्हटलं, "मांजर आलती, हाकलली." त्यानं बराबर बापासारखी मान डोलावली.

दुपारी गोरेगावहून माझी लेक बाळ बघायला आली. हा काठी घेऊन उंबऱ्यावर. "काहून आली?"

"अरे मेल्या, मी तुझी आत्या!"

"आसशील. आधी हात धुऊन ये."

तेव्हापासून रात्री उठणं सोडा, कूससुद्धा बदलत नाही. मी दुपारी डुलक्या काढते, पण माझी पाळी चुकवत नाही... देवानं नातीला पाठीराखा दिला, आणि तो उजाडेपर्यंत गाढ झोपतो. आणखी काय मागू?