वळणावरचे सात दगड

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग ते ओसरतं. निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. मी हिंगोलीच्या ठाण्यात अमीन होतो, आजच्या भाषेत फौजदार. स्टेशनापासून शहराला वळसा घालून कापसाच्या बाजारापर्यंत नवी रेल्वेलाईन टाकायचं घाटत होतं. ती ओढ्याच्या अलीकडून गेली तर बंजाऱ्यांचा तांडा उठणार होता, पलीकडून गेली तर एका बड्या जमीनदाराची आमराई. आमराया सहसा उठत नाहीत. मोजणीच्या ओव्हरसियरने तांड्याच्या बाजूने खुणेचे दगड रोवले, आणि त्यातले सात नाहीसे झाले.

खबर आणली जमीनदाराच्या कारभाऱ्याने. तांड्याचा नाईक भर बाजारात म्हणाला होता की लाईन इकडून जाऊ देणार नाही. सरकारी कामात अडथळा, त्यात संशयित तांड्यातला. नाईकाला कोठडीत टाकलं; वरच्यांना आणखी पुरावा नको होता. नाईकाला उद्या परभणीला पाठवा, असा हुकूम आला. तिकडे गेलेला माणूस लवकर घरी परतत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

नाईक चाळिशीचा, शेतीत रापलेला. दगडांबद्दल विचारलं की डोळ्याला डोळा देऊन ठावं न्हाई म्हणायचा. घरी कोण कोण असतं, असं विचारलं की मात्र पायाच्या अंगठ्याकडे बघायचा. माझा अनुभव सांगतो, स्वतःसाठी खोटं बोलणारा फार बोलतो, दुसऱ्यासाठी खोटं बोलणारा गप्प बसतो. जमादाराचे हात शिवशिवत होते. त्याला मी पंचनाम्याच्या कामाला धाडून दिलं.

मला खटकत होतं ते वेगळंच. लाईन अडवायची तर माणूस सगळे दगड उपटेल, मधलेच सात कशाला? ओव्हरसियर हैदराबादचे. ते म्हणाले, दगड सारखेच, फक्त बाकीच्यांना चुना लावला होता आणि वळणावरच्या सातांना तांबडा रंग. दगड रोवणाऱ्या मुकादमाला बोलावलं, तेव्हा तो मान खाजवू लागला. तांबडा रंग मिळाला नाही, म्हणून त्या पठ्ठ्याने बाजारातून शेंदूर आणून तेलात कालवला होता.

मी कपाळाला हात लावला. ओढ्याकाठी ओळीने सात दगड आणि त्यांना शेंदूर! आमच्या मुलखात त्याला मोजणीची खूण कोण म्हणणार? सात बहिणी, देवी म्हणूनच लोक हात जोडणार.

तसाच तांड्यात गेलो. मधल्या लिंबाखाली सातही जणी खेटून बसल्या होत्या, पुढे गुळाचा खडा. शेजारी नाईकाची आई, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली. तांड्यात आईला याडी म्हणतात. मीही तसंच म्हणून विचारलं, "याडी, या इथं कोणी आणल्या?"

"म्याच आणल्या, येकेक करून, डोक्यावर. तुमच्या लोकायनं सातही बहिणी लांब लांब उभ्या केल्या. येकमेकीशी बोलतील कशा?" मग आवाज खाली आला. "माह्या लेकराला काहून कोंडलं?"

मी ठाण्यात परतलो. माल मिळाला, चोरी झालीच नाही, असं रोजनाम्यात लिहिलं. ओव्हरसियरला एवढंच कळवलं की आता तिथे देवस्थान आहे, ते हलवायचं तर हैदराबादची मंजुरी लागेल. हैदराबादला लिहिण्यापेक्षा साहेबांनी लाईनच ओढ्यापलीकडे सरकवली.

जमीनदार तणतणत ठाण्यात आले. लाईन हलवली कोणी, म्हणाले. मी सांगितलं, "सात बहिणींनी. धरून आणू का?" ते चहा न घेताच गेले.

पुढे राज्य बदललं आणि ती लाईन नकाशातच राहिली. या प्रकरणाने मला एक शिकवलं. वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी नेणाऱ्याला ती काय वाटली, हे विचारावं. पुढच्या नोकरीत त्याचा मला कायद्याच्या कलमांपेक्षा जास्त उपयोग झाला.

तांड्यातून परतलो त्याच संध्याकाळी नाईकाला कोठडीतून सोडलं, तेव्हा त्याने खबर देणाऱ्याचं नाव विचारलं नाही, तक्रार केली नाही. दारात थांबून एवढंच म्हणाला, "साहेब, याडीला ठाण्यात तर न्हाई ना आणलं?"

नाही म्हटल्यावर तो पायरीवर बसला आणि लहान लेकरासारखा रडला.