मावशीची हरकत

तेल्हाऱ्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि मला नाटकाचा जुना रोग आहे. हे दोन्ही एकत्र आलं की काय होतं, ते गेल्या उन्हाळ्यात कळलं.

एका बियाणे कंपनीचा प्रतिनिधी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, एका हातात पेढ्यांचा डबा, दुसऱ्या हातात छापील पत्रांचा गठ्ठा. सरकारने बियाण्यांच्या नव्या नियमांचा मसुदा काढला होता आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या होत्या.

"भाऊ, गिऱ्हाईक आलं की सही घ्यायची, बस. बाकी सगळं आम्ही लिहून आणलंय."

पेढे मी खाल्ले. पेढ्यांचा काय दोष? मग पत्र वाचलं: 'मी एक प्रगतिशील शेतकरी या मसुद्याचे मनःपूर्वक स्वागत करतो.' मसुदाही मिळवला. त्यात एक कलम होतं. बियाणं उगवलं नाही तर पाहणीला कंपनीचाच तज्ज्ञ येणार आणि त्याचाच अहवाल अखेरचा. मसुदा सरकारचा, पत्र कंपनीचं. पण दोन्हींत काही वाक्यं जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी, दुकान भरलेलं पाहून, मी स्टुलावर चढलो आणि एक हात छातीवर ठेवून ते पत्र दरबारी आवाजात वाचलं. लोक पोट धरून हसले. एक मावशी तेवढी हसली नाही. मागच्या हंगामात तिच्या चार एकरांत सोयाबीन उगवलंच नव्हतं. तेव्हा कृषी खात्याच्या समितीने वावरात येऊन बियाण्याचाच दोष असं लिहून दिलं, म्हणून मावशीला भरपाई मिळाली. बियाणं याच कंपनीचं होतं.

"हे 'मी' म्हंजे कोन रे?"

"सही केली तर तुम्ही, मावशी."

"म्या कवा म्हनलं असं? माह्या वावराची पाहणी तेच करतीन, अन् बियाणं चांगलं होतं म्हून तेच सांगतीन? मंग मी काय धुऱ्या-बांधावर उभी राहून टाळ्या वाजवू? कोरा कागद दे. मी सांगते, तू लिही."

मी लिहिलं. सही तिने स्वतः केली, रेघोट्या ओढल्यासारखी, पण ठाम. मग बाकीचे सरसावले. आठ दिवस दुकानात खतापेक्षा कागद जास्त खपले. एकाने फक्त एवढंच लिहिलं, 'आधी आमच्या गावात येऊन विचारा.' मी कुणाचा शब्द बदलला नाही, हात शिवशिवत होते तरी.

प्रतिनिधीचा फोन आला. "भाऊ, डीलरशिप नको का? यंदा डीलर लोकांना थायलंडची सहल आहे."

"मावशीले पाठवा," मी म्हणालो. "तिले लय दिवसांपासून हवापालट पाहिजे."

हरकती द्यायच्या शेवटच्या दिवशी मी आणि मावशी अकोल्याच्या कार्यालयात गेलो. आवक विभागातल्या बाबूने आमचा गठ्ठा तळहातावर तोलला. "ठेवून द्या. सगळ्यांची मिळून एक पोच देतो."

त्याच्या टेबलावर कंपनीची छापील पत्रं होती. प्रत्येकावर वेगळा शिक्का, वेगळा क्रमांक. मावशीने ती पाहिली.

"त्याइले येगयेगळी पोच, अन् आमाले एक? आमी इतके जन मिळून एकच मानूस हाओ का?"

"मावशी, पाच वाजले."

"वाजू दे. मी बसते."

ती बसली, खाली फरशीवर, त्याच्या टेबलाला टेकून. मी पत्रं एकेक करून पुढे सरकवत राहिलो. बाबूने घड्याळाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि शिक्का उचलला. शेवटचा क्रमांक पडेपर्यंत ती उठली नाही.

नियमांचं अजून काही ठरलेलं नाही. माझी डीलरशिप मात्र लगेच गेली. दर सोमवारी मावशी दुकानात येते, "काय झालं रे?" विचारते, आणि मी अकोल्याला फोन लावतो. बाबू आता आवाजावरून ओळखतो.

"मावशी आल्या का?" तो विचारतो.

"आल्या," मी म्हणतो, "अन् बसल्या."