पाला कुठला?

"पाला कुठला?" हा सरांचा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, बसा नाही. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला की ते मान लांब करून आत डोकवायचे. मेथी असो, चाकवत असो, प्रश्न तोच.

"बाजारातला आहे, सर."

"ते झालं. बाजारात कुठून आला?"

आता तुम्हीच सांगा, आठवडी बाजारात मेथीची जुडी घेताना तिची कुंडली कोण काढत बसतं? मराठीच्या मॅडम तर या प्रश्नाला वैतागून रोज बटाट्याची भाजी आणायला लागल्या. पहिल्याच दिवशी सरांनी डब्यात बघितलं आणि विचारलं, "माती कुठली?"

श्रीगोंद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये मी अटेंडंट, आणि चौदा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली. कुणावर तरी रोज चिडायचं आणि रोज त्याच्यासाठी चहाही ठेवायचा, असा माणूस तुमच्याही वाट्याला आला असेल. माझ्या वाट्याला हे आले.

त्यांचं सगळं चाललं होतं ते शेवग्याच्या पाल्यावर. उंदरांना पाण्यातून थोडं थोडं शिसं द्यायचं, मग त्यातल्या काहींना पाल्याचा अर्क पाजायचा आणि कुणाच्या अंगातलं शिसं उतरतं ते बघायचं. पाला धुणं, सावलीत वाळवणं, कुटणं, वस्त्रगाळ करणं हे माझं काम. उंदरांची घाणही मीच काढायचो, ते सांगायला नको.

आणि शिसं उतरायचं हो! चांगलं उतरायचं. मी हरखून म्हणायचो, "सर, जमलं की!"

"उंदराचं जमलं," असं म्हणून सर चष्मा पुसायला घ्यायचे.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. माणसं यायची. एकजण पार अकोल्याहून दोन एसट्या बदलून आला, त्याला आईच्या सांधेदुखीसाठी भुकटी हवी होती. सरांनी त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. वर सल्ला दिला, "शेवगा भाजी म्हणून खा. औषध म्हणून नको." मला त्या माणसाकडे बघवेना. चिमूटभर भुकटी दिली असती तर यांचं काय जात होतं?

मग ते शिसं माझ्याच घरात आलं.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा. घरामागे पत्र्याची शेड, तिथंच भट्टी. आधी त्याचं पोट दुखायला लागलं, मग तोंड पांढरंफटक पडलं आणि एक दिवस उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. चहाचा कप उचलेना. शिशाने काय होतं ते मी इतकी वर्षं उंदरांत बघितलेलं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आधी त्याला भट्टीवरून उठव. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात ने. शिसं उतरवायची औषधं आहेत तिथे."

"आणि आपला पाला?"

"माणसाला किती द्यायचा, किती दिवस, त्यानं दुसरं काय बिघडतं, मला माहीत नाही."

"कधी कळणार तुम्हाला? दादा गेल्यावर?" मी असं बोललो आणि दार आपटून निघालो. अजूनही आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा डोकं फिरलं होतं.

दादाकडे जाऊन म्हटलं, पुण्याला चल. तो म्हणाला, "भट्टी सोडून कुटं जाऊ? तुमच्या सरांचा पाला हाय ना? त्योच दे की!"

लॅबमधल्या बरण्या सर रोज वजन करून ठेवायचे, त्यामुळे तिथून काही हलवणं शक्य नव्हतं. पण मला काय अवघड होतं? दादाच्याच शेडमागे शेवग्याचं झाड होतं, हिरवंगार. पाला काढला, सावलीत वाळवला, कुटला, वस्त्रगाळ केला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. दादा खूश. "लई बरं वाटतंय, लेका," म्हणायचा आणि बिनघोर भट्टीपुढे बसायचा. पूर्वी दुपारी तरी उठायचा, आता औषध चालू आहे म्हणून तेही बंद झालं.

महिन्याभरात त्याचं पोट असं दुखायला लागलं की तो गुरासारखा ओरडायचा. मी भुकटीची पुडी घेऊन सरांसमोर उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं.

सरांनी पुडी उघडली. "पाला कुठला?"

"अहो सर, माझा भाऊ मरायला टेकलाय आणि तुमचं आपलं तेच!" मी लॅबमध्ये ओरडलो. पोरं प्रॅक्टिकल सोडून बघायला लागली.

सर चिडले नाहीत. हळू आवाजात त्यांनी पुन्हा विचारलं, "पाला कुठला, बाळा?"

"भट्टीमागचा," मी म्हणालो.

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. भट्टीचा धूर त्याच झाडावर जायचा. फोडलेल्या बॅटऱ्यांचं पाणी त्याच मुळाशी सांडायचं. सर स्टुलावर बसले आणि त्यांनी पुडीवर तारीख टाकली. अशा वेळीसुद्धा तारीख!

मग ते उठले, स्वतःची जुनी गाडी काढली आणि दादाला मागच्या सीटवर घेऊन बसले. गाडी मी चालवली. दौंडच्या पुढे दादानं त्यांच्या शर्टवर उलटी केली. "माफ करा, सर," दादा म्हणाला. "असू दे," सर म्हणाले, "सकाळी काय खाल्लं होतं?"

दादा वाचला. डॉक्टरांच्या औषधांनी शिसं लघवीवाटे उतरलं. भट्टी कायमची मोडली, आता तिथे तो पंक्चर काढतो. हाताला बळ यायला वर्ष गेलं.

पुडीचा तपासणीचा कागद आला. त्यात शिसं होतंच. सरांनी तो मला दाखवला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चूक माझी आहे. तुला पाला वाळवायला शिकवलं, पण कुठला ते का विचारतो, हे नाही शिकवलं." मला रडू आवरेना. पुडीतल्या शिशाबद्दल सर दादाला कधीच बोलले नाहीत. मीच सांगितलं, सहा महिन्यांनी. दादा म्हणाला, "तू मायेनं दिलंस रं."

यातून सर बदलले असतील असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाही. निवृत्तीनंतरही ते रोज लॅबमध्ये यायचे आणि माझं डोकं खायचे. शेवटच्या लेखाची शेवटची ओळ काय, तर अजून अभ्यास हवा. "आता किती, सर?" मी हात जोडून विचारायचो.

गेल्या थंडीत झोपेतच गेले.

तेराव्याला दादा आणि मी शेजारी बसलो होतो. पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. दादानं आपली पत्रावळ उजव्या हातानं उचलली, मनगट ताठ ठेवून उजेडात धरली, उलटी करून बघितली आणि वाढणाऱ्याला विचारलं, "पाला कुठला हाय?"

वाढणारा गोंधळला. पलीकडे सरांच्या पत्नी आमटीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मी विचारून घेतलाय," त्या म्हणाल्या. "जेवा."