कानिफचा गप्प फोन

कानिफनाथला मांडी घालून जेवताना कुणी पाहिलं नाही. एक गुडघा उभा, उजवा हात ताटात आणि डावा हात खिशावर. बायको, पंकजा, म्हणायची, "तुमी जेवायला बसत न्हाई, उठायला बसता." त्यावर कानिफ काही बोलणार तोवर खिसा वाजलेला असायचा.

सुप्याहून आत वळलं की काकासाहेबांची डेअरी लागते. दुधाचं संकलन, शेजारी पेंडीचं दुकान, आणि गावोगाव फिरून गायी भरवणारे, म्हणजे कृत्रिम रेतन करणारे, दोन डॉक्टर. डॉक्टर कसले, कोर्स केलेली पोरं, पण ज्याच्या हातात लांब मोजा त्याला आपल्याकडं डॉक्टरच म्हणतात. ह्या सगळ्याचा नंबर एकच, आणि तो कानिफच्या खिशात. गाय माजावर आली की लोक त्या नंबरावर मिस कॉल टाकत. एक रिंग वाजवून कट केली की समजायचं, गाय माजावर हाय, डॉक्टर धाडा. रिंग शेवटपर्यंत वाजू दिली की गाय विताना अडलीय, पळत या. हे कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नव्हतं. बोलायला पैसे पडायचे तेव्हाची सवय. आता बोलणं फुकटात पडलं तरी लोकांचं बोट एका रिंगेला आपसूक लाल बटणावर जातं. नंबर बघितला की कानिफच्या डोळ्यापुढं गोठा उभा राहायचा, मग तो कुठल्या तरी डॉक्टरला तिकडं वळवायचा.

पण गायी वाढल्या, मिस कॉल वाढले, आणि कानिफ एकाशी बोलत असला की दुसऱ्याला फोन बिझी लागायला लागला. काकासाहेबांना सुप्याच्या एका कारखान्यात कुणी तरी इंटरनेटवरनं चालणारा फोन दाखवला. एकाच नंबरावर कितीबी माणसं बोलावीत, कुणी बिझी न्हाई.

"नगरचा जस्टिन येतोय, दोन सॉफ्टवेअर दाखवील," काकासाहेब म्हणाले. "दोन्ही चालवून बघ. तुला पटंल ते घिऊ. पन नीट बघ. एकदा घेतलं आन फसलं, तर मी तुलाच धरनार."

कानिफ मान हलवून घरी आला आणि पंकजाला म्हणाला, "हे जमलं ना, तर फोन माझ्या गळ्यातनं निघतोय. काकासाहेबांनी पेंडीच्या दुकानावर बसवायचं कबूल केलंय. मांडी घालून जेवीन बघ."

"आधी जमू द्या," पंकजा म्हणाली.

जस्टिन भला माणूस. लॅपटॉप घेऊन आला, शांतपणे सगळं समजावलं. पहिलं सॉफ्टवेअर आल्या दिवशीच बाद झालं. इकडं हॅलो म्हटलं की तिकडचं हॅलो येईपर्यंत माणूस दुसरं हॅलो म्हणून मोकळा. दोघंबी हॅलोच करत बसायची. त्यात वीज गेली की फोन मेला.

दुसरं मात्र नामी होतं. वीज गेली तर मोबाईलच्या नेटवर उडी मारायचं. फोन लागला रे लागला की एक बाई गोड आवाजात म्हणायची, "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. डॉक्टर हवे असल्यास एक दाबा. पेंडीसाठी दोन दाबा." एक दाबलं की कॉल थेट डॉक्टरांकडं जायचा.

कानिफनं परीक्षा घ्यायची म्हणून कसर सोडली नाही. टेकडीच्या पाठीमागं जाऊन फोन लावला. चालत्या टेम्पोतनं लावला. कडबा कुट्टीच्या मशीनशेजारी उभा राहून बोंबलला, तरी जस्टिनला डेअरीत स्वच्छ ऐकू गेलं. डॉक्टरांना लावायला सांगितलं, काकासाहेबांनी लावला, पेंडीच्या हमालानं लावला. प्रत्येकानं एक दाबून, दोन दाबून भरपूर बोलून बघितलं. मिस कॉल मात्र एकानंही दिला नाही. मिस कॉलला ह्या मुलखात कुणी कॉल समजतच नाही. कानिफही नाही.

डेअरीचा नंबर यंत्रावर वळवला आणि कानिफचा खिसा गप्प झाला.

पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून अंगाला मुंग्या. दुकानात बसला की उगीच मांडीवर काही तरी थरथरल्यासारखं व्हायचं, काढून बघावं तर काळी काच. चहा घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. गोण्या मोजल्या, त्याच पुन्हा मोजल्या. जेवताना मांडी घालून बघितली, तर घास घशाखाली उतरेना. शेवटी गुडघा उभा केला तेव्हा भाकरी सरली.

"आता काय झालं? फोन तर न्हाई वाजत," पंकजा म्हणाली.

"तेच तर झालं."

लॅपटॉपवर बघावं तर सगळं हिरवंगार. आलेले कॉल उचललेले, सुटलेला एकही नाही. काकासाहेब खूष. पोरंसोरं एक दाबून व्यवस्थित बोलत होती, म्हणून कुणाला शंका यायचंही कारण नव्हतं. डॉक्टर तेवढे दुपारचे झाडाखाली लोळायला लागले. त्यातला एक कल्याण, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "कानिफभाऊ, तालुक्यातल्या गायींनी संन्यास घेतला का काय?"

सगळे हसले. कानिफ हसला नाही. त्यानं गाडीला किक मारली.

"कुठं?"

"चक्कर मारून येतो. बसवंना."

कुठं जायचं हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. गाडी आपली रतनबाईच्या वस्तीकडं वळली. रतनबाई एकटी बाई, दावणीला एकच संकरित गाय, घर तिच्याच दुधावर. मागल्या खेपेला गाय उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नव्हती. ह्या खेपेला खाली राहिली तर पुढं भाकड गायीला नुसतं पोसायचं, नाही तर बाजार दाखवायचा. नवी गाय घेणं तिच्यानं होणारं नव्हतं.

वस्तीवर पोचायच्या आधीच गायीचं हंबरणं कानावर आलं. कानिफनं गाडी थेट गोठ्यापाशी नेली.

रतनबाई कमरेवर हात देऊन उभी. "आलास व्हय? काल सांजपास्नं वरडतीया ही. डॉक्टर कुठं मेलाय?"

"मावशे, फोन करायचा न्हाई का?"

"मेल्या, मिस कॉल दिला की! काल दिला, सकाळी दिला. रिंग वाजंना, एकदम बाईच बोलाय लागली. म्हनली, तुमचा कॉल आमाला महत्त्वाचा हाय. मी म्हनलं, चला, कळलं ह्यास्नी. दिला ठिवून."

"एक दाबायचं हुतं, मावशे."

"त्येवढं कोन ऐकतंय? महत्त्वाचं हाय म्हनली ना ती? मंग तुमी यायला नको?"

कानिफ गोठ्याच्या दारातच उभा राहिला. खिशातनं फोन काढून डेअरीचा नंबर लावला, एक रिंग वाजली की कट करायची म्हणून बोट लाल बटणावर धरून. रिंग आलीच नाही. बाई बोलायला लागली. त्यानं कट केला. पुन्हा लावला. पुन्हा बाईच. एका रिंगेची जागाच उरली नव्हती. जी जी गाय आठवडाभर मिस कॉलवर हंबरली होती, तिचा कॉल ह्या बाईनं उचलून, महत्त्वाचा म्हणून सोडून दिला होता. आणि लॅपटॉपवर हिरवं.

कल्याणला त्यानं थेट फोन लावला. "झाडाखालनं ऊठ. रतनबाईच्या वस्तीवर. आत्ताच्या आत्ता."

कल्याण आला, मोजा चढवला, हात घालून बघितलं. "माज शेवटच्या टोकाला हाय भाऊ. भरवतो. पन खात्री मागू नका."

गाय भरवली. रतनबाईनं कानिफकडं बघितलंही नाही. "ऱ्हायली तर ऱ्हायली. न्हाई ऱ्हायली तर तुझ्या त्या बाईलाच दावनीला बांधीन."

डेअरीत येऊन कानिफनं लॅपटॉपवरचे लगेच कट झालेले सगळे कॉल काढले आणि आपल्या मोबाईलवरून एकेकाला लावत सुटला. कुणी शिव्या दिल्या. कुणी म्हणालं, दुसऱ्या डेअरीचा डॉक्टर आनला, तुमी झोपा. कुणाची गाय गप्प झाली होती, म्हणजे माज सरला, आता पुढचा तीन आठवड्यांनी. काकासाहेब समोर बसून ऐकत होते.

"मंग? ह्येबी बाद?"

कानिफचं मन म्हणत होतं, बाद करू नकोस. बाद झालं की फोन पुन्हा गळ्यात. तो जस्टिनकडं वळला. "ह्या बाईला गप करता येतं का? रिंग वाजू द्यायची, समोरच्याला कट करू द्यायचं?"

"येतं की," जस्टिन म्हणाला. "काही वेळ रिंग वाजेल. तरी कुणी धरून राहिलं, तरच बाई बोलेल. कट केलेले मिस कॉल आणि काही न दाबता ठेवलेले लांब कॉल, दोन्ही लगेच एका मोबाईलवर येतील. आधी बोलला असता तर पहिल्याच दिवशी करून दिलं असतं."

"आधी सुचलं असतं तर..." कानिफ म्हणाला.

"कुणाच्या मोबाईलवर टाकू? डॉक्टरांच्या?"

डॉक्टर बोलणाऱ्याशी बोलतील, पण हात गायीत असताना मिस कॉलचा नंबर बघून गोठा कोण ओळखणार. काकासाहेबांनी वर बघितलं नाही, त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. कानिफच्या डोळ्यापुढून पेंडीचं दुकान गेलं, ताट गेलं, घातलेली मांडी गेली.

"माझ्यावर टाक," तो म्हणाला.

रिंगांची सोय लागली. बिझीची भानगड मिटली, तेवढा फायदा झाला. बाकी कानिफ पहिल्यासारखा धावायला लागला. फक्त एक गोष्ट वाढली. तीन आठवडे तो दर रिंगेला आधी नंबर बघायचा, रतनबाईचा तर नाही ना. तिची रिंग आली की गाय उलटली, असा हिशेब. रिंग आली नाही. दिवस सरले, तरी आली नाही. दुसरा कुणी असता तर निर्धास्त झाला असता. पण गप्प फोनावरचा कानिफचा विश्वास उडाला होता तो उडालाच.

एका दुपारी तो वस्तीवर जाऊन धडकला.

"का रं?" रतनबाई शेण भरत होती. "मी मिस कॉल दिलता का?"

"न्हाई."

"मंग कशाला आलास?"

"म्हनूनच आलो."

रतनबाईनं पाटी खाली ठेवली आणि गायीकडं हात केला. गाय दावणीला बसून रवंथ करत होती, हंबरायचं नाव नाही. कानिफ बराच वेळ बघत राहिला.

"बघून झालं? बस, च्या टाकते," ती म्हणाली.

तो ओट्यावर बसला. एक गुडघा उभा करून.